सेरोटोनिन नव्हे, आधारपेशी? मग आईच्या गोळीचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: गडहिंग्लज तालुक्यातल्या एका ताई कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. त्यांची आई 61 वर्षांची. वडील वारल्यानंतर आईंना नैराश्य आलं. कोल्हापुरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली एस्सिटॅलोप्रॅमची गोळी वर्षभर चालू आहे. झोप सुधारली, जेवण सुधारलं, पण मन कशातच लागत नाही. आता ताईंच्या वाचनात आलं की सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं ही समजूत मागे पडली असून खरा बिघाड मेंदूतल्या आधारपेशींत, म्हणजे मज्जापेशींना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशींत, असतो. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. मग सेरोटोनिन वाढवणारी ही गोळी बंद करावी का? या पेशी तपासण्याची टेस्ट कोल्हापुरात कुठे होते? दाह कमी करायला हळदीच्या कॅप्सूल किंवा आणखी काही द्यावं का? प्रश्नाच्या मध्येच एक वाक्य आहे: आई अधूनमधून म्हणते, "मी गेलो की सुटशील बघ तू."

ताई, पेशींकडे नंतर येतो, आधी त्या वाक्याचं बोलू. वयस्कर माणसं असं बोलतातच, असं म्हणून घरोघरी ते कानाआड केलं जातं. तुम्ही तसं करू नका. आज आई एकटी असेल तेव्हा शेजारी बसा आणि सरळ विचारा, "आई, जीव द्यावा असं कधी मनात येतं का गं?" विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरेल ही भीती खरी नाही. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं हायसंच वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा काहीच न बोलता डोळे भरून आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तुमच्या डॉक्टरांना फोन करा. रात्र असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात घेऊन या. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. उत्तर काहीही आलं तरी दोन कामं आजच करा. शेतीचं घर असेल तर तणनाशक आणि फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा, आणि आईच्या गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात घ्या.

आता तिन्ही प्रश्नांची थोडक्यात उत्तरं. गोळी बंद करू नका. तशी टेस्ट कोल्हापुरातच काय, रुग्णांसाठी कुठेही नाही. हळदीच्या कॅप्सूलवर पैसे घालू नका. तुम्ही जीवशास्त्र शिकवता, त्यामुळे यामागची कारणं पुरतेपणी सांगतो.

मेंदूत मज्जापेशी साधारण 86 अब्ज असतात आणि मज्जापेशी नसलेल्या पेशीही जवळपास तेवढ्याच. आधारपेशी दहापट असतात असं आम्हाला शिकवलं होतं, पण 2009 मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून तो आकडा मोडीत काढला. तुमच्या जुन्या पुस्तकांत तो अजून असेल तर मुलांना दुरुस्त करून सांगा. नैराश्याच्या संदर्भात तीन प्रकारच्या आधारपेशी महत्त्वाच्या. ॲस्ट्रोसाइट मज्जापेशींच्या भोवतालचं रासायनिक वातावरण सांभाळतात. मायक्रोग्लिया मेंदूतल्या प्रतिकारशक्तीचं काम करतात. ऑलिगोडेंड्रोसाइट मज्जातंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण चढवतात. माझ्या विद्यार्थिदशेत या सगळ्यांना पाठ्यपुस्तकात मोजकीच पानं होती, परीक्षेत तर त्यांच्यावर प्रश्नही येत नसे.

सगळ्यात जास्त पुरावा ॲस्ट्रोसाइटबद्दल आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. एक मज्जापेशी दुसरीला संदेश देते ती बहुतेक वेळा ग्लुटामेट सोडून. संदेश पोचला की ते ग्लुटामेट तिथून तातडीनं उचललं जायला हवं. हे काम ॲस्ट्रोसाइटचं. तिच्या बारीक फांद्या सिनॅप्सला, म्हणजे दोन मज्जापेशींच्या जोडाला, बिलगून असतात आणि माणसाच्या मेंदूत एकेक ॲस्ट्रोसाइट लाखो सिनॅप्सपर्यंत पोचते. उचललेल्या ग्लुटामेटचं ती ग्लुटामिन करते आणि ते मज्जापेशीला पुन्हा वापरायला परत देते. हे उचलणं मंदावलं की काय होतं, हे शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. उसाला पाणी हवंच, पण पाजलेल्या पाण्याचा निचरा झाला नाही की तीच काळी कसदार जमीन क्षारपड होते आणि पीक खुरटतं. ग्लुटामेटही तसंच साचतं, सिनॅप्सच्या बाहेर पसरतं, तिथल्या संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरना सतत चेतवत राहतं आणि मज्जापेशीच्या फांद्या आखडायला लागतात, असं आज मानलं जातं. 2005 मध्ये नैराश्य असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या जनुकांची सक्रियता तपासली गेली. ग्लुटामेट उचलणारी प्रथिनं आणि त्याचं ग्लुटामिन करणारं विकर यांची जनुकं त्यांच्यात मंदावलेली आढळली. ही दोन्ही कामं प्रामुख्यानं ॲस्ट्रोसाइटचीच.

या सगळ्याची सुरुवात मात्र 1998 च्या एका मोजणीपासून झाली. अमेरिकेत ओंगुर, ड्रेव्हेट्स आणि प्राइस यांनी मनःस्थितीचे आजार असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूचा कपाळामागचा, भावनांशी निगडित असलेला एक छोटा भाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजला. मज्जापेशी कमी झालेल्या असतील अशी साहजिक अपेक्षा. पण मज्जापेशींची संख्या जवळपास तेवढीच होती आणि आधारपेशी कमी होत्या. ज्यांच्या घराण्यात हा आजार होता त्यांच्यात ही घट जास्त ठळक होती. पुढच्याच वर्षी ग्राझिना राज्कोव्स्का यांच्या गटाला पुढच्या मेंदूच्या इतर भागांतही आधारपेशींची घनता घटलेली आणि मज्जापेशी आकारानं लहान झालेल्या दिसल्या. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत जवळपास एकाच वेळी तोच रोख दिसला, त्यामुळे या विषयाकडे गांभीर्यानं पाहिलं जाऊ लागलं.

तुमच्यातली शिक्षिका इथे लगेच विचारेल: ही घट आजाराचं कारण की आजाराचा परिणाम? मृत मेंदूवरून ते सांगता येत नाही. शिवाय त्या लोकांनी घेतलेली औषधं, दारू, मृत्यूची पद्धत या सगळ्याची सरमिसळ असतेच. म्हणून मला स्वतःला 2008 चा बनासर आणि ड्यूमन यांचा येल विद्यापीठातला प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी उंदरांच्या पुढच्या मेंदूत एक विषारी द्रव्य टोचून फक्त ॲस्ट्रोसाइट मारल्या. ते उंदीर साखरपाण्याची गोडी गमावून बसले, लवकर हार मानू लागले. दीर्घ ताण दिलेल्या उंदरांमध्ये दिसतं तसंच सगळं. मग दुसऱ्या गटात त्याच जागच्या मज्जापेशी मारल्या, तर ही लक्षणं आली नाहीत. म्हणजे निदान उंदरांत तरी, तेवढ्या आधारपेशी जाणं हे लक्षणं दिसायला पुरेसं ठरलं. पण हा उंदरांवरचा प्रयोग आहे हे धरूनच त्याला वजन द्या. साखरपाणी पिणं सोडणारा उंदीर आणि जोडीदार गेल्यावर रिकाम्या सोप्यात बसून राहणारी बाई यांच्यात फार मोठं अंतर आहे.

2018 मध्ये चीनमधल्या हांगझो शहरातून हू हायलान यांच्या गटानं आणखी एक धागा जोडून दिला. हॅबेन्युला नावाचा मेंदूतला छोटासा भाग निराशेच्या, अपेक्षाभंगाच्या क्षणी सक्रिय होतो. तिथल्या ॲस्ट्रोसाइटवर पोटॅशियम आत-बाहेर नेणारी प्रथिनाची वाहिनी असते. नैराश्यासारखी लक्षणं असलेल्या उंदरांत ती प्रमाणाबाहेर वाढलेली आढळली. त्यामुळे शेजारच्या मज्जापेशी झुबक्याझुबक्यांनी संदेश सोडू लागल्या आणि आनंद देणारी केंद्रं दबली. केटामाइन हे भुलीचं औषध ही झुबकेदार चेतना थांबवतं, असं त्याच गटानं दाखवलं. नैराश्यावर केटामाइनचा परिणाम काही तासांत का दिसतो याचं हे एक पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांना ते देखरेखीखाली दिलं जातं. तुमच्या आईंसाठी आज त्याची गरज मला दिसत नाही.

आता मायक्रोग्लिया, म्हणजे तुमच्या "दाह" या शब्दाचं मूळ. हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी पूर्वी प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना, आधी मनाचा कुठलाही त्रास नसताना, काही आठवड्यांत खरंखुरं नैराश्य येई. शरीरातला दाह मनापर्यंत पोचतो याचा याहून थेट पुरावा मिळणं कठीण. मग 2015 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या 20 आणि निरोगी 20 जणांचा मेंदू पेट स्कॅनवर तपासला. मायक्रोग्लिया सक्रिय झाल्यावर वाढणारं एक प्रथिन रुग्णांच्या पुढच्या मेंदूत साधारण 30 टक्के जास्त निघालं. हे प्रथिन फक्त मायक्रोग्लियातच असतं असं नाही, हा त्या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. तरीही त्याच गटाचा 2018 चा निष्कर्ष तुमच्या पहिल्या प्रश्नाला थेट भिडतो. आजार जितकी वर्षं उपचाराविना राहिला तितकं हे प्रमाण जास्त होतं, आणि गोळ्या चालू असलेल्या वर्षांत ती चढती कमान दिसली नाही. हा एकाच वेळी घेतलेला पाहणी अभ्यास आहे, त्यावरून औषधानं दाह थांबवला असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण आधारपेशींची काळजी वाटते म्हणून गोळी बंद करायची, याला मात्र या पुराव्यात कुठेच आधार नाही.

याला एक दुसरी बाजूही आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की ताणाच्या सुरुवातीला उंदरांच्या मायक्रोग्लिया पेटून उठतात, पण ताण लांबला की त्या कमी होतात, मलूल होतात, आणि तेव्हा त्यांना उत्तेजन दिल्यावर लक्षणं सुधारतात. म्हणजे "दाह कमी करा" हा सरसकट उपाय काहींच्या बाबतीत उलटाही पडू शकेल. माणसांवरच्या चाचण्या हेच सुचवतात. 2013 मध्ये सांधेदुखीवरचं इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी इंजेक्शन, औषधांनी बरं न होणाऱ्या नैराश्याच्या 60 रुग्णांवर तपासलं गेलं. सरसकट बघितलं तर फायदा शून्य. फक्त ज्यांच्या रक्तात सीआरपी हा दाहाचा निर्देशक बराच जास्त होता त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. मायक्रोग्लिया शांत करणारं मिनोसायक्लिन हे प्रतिजैविकही आशेनं वापरून पाहिलं, पण 2022 मध्ये जर्मनीतल्या चाचणीत ते औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

म्हणून हळद भाजीत घाला, दुधात घाला. कॅप्सूल देऊ नका. हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्यावरचे अभ्यास छोटे आहेत, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त मात्रेतल्या कर्क्युमिनची भीतीही आहे. त्याहून मोठी काळजी दुसरीच. "दाह" हा शब्द ऐकून लोक मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून रोज घेऊ लागतात. एस्सिटॅलोप्रॅमसोबत या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. गुडघे दुखतात म्हणून आई गुपचूप काही घेत असतील तर ते आधी शोधा. आमच्याकडे पाकिटं दाखवायला सांगितल्यावर पदराच्या गाठीतून अशा गोळ्या निघणं ही नेहमीची गोष्ट आहे.

सेरोटोनिनबद्दल तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. 2022 मध्ये आधीच्या सगळ्या पुराव्यांचा एक मोठा आढावा निघाला आणि नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असतं याला भक्कम आधार सापडत नाही असं त्यात म्हटलं होतं. पण गोळी गुण देते का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर वेगळ्या प्रकारच्या अभ्यासातून येतं. 2018 मध्ये 522 चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्ण एकत्र धरून 21 औषधं तपासली गेली. सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली, फरक माफक होता. एस्सिटॅलोप्रॅम त्यातल्या चांगल्या औषधांत मोडतं. औषध कुठल्या वाटेनं गुण देतं हे अजून उलगडतं आहे आणि त्या वाटेवर आधारपेशीही आहेत. फ्लुऑक्सेटिन हे त्याच जातीचं औषध ॲस्ट्रोसाइटमधून एटीपी हा पेशींत ऊर्जा पुरवणारा रेणू सोडायला लावतं आणि त्यातून मज्जापेशींना पोसणारं प्रथिन वाढतं, असं उंदरांत दिसलं आहे. 2013 मध्ये चिनी संशोधकांना नैराश्यासारखी लक्षणं असलेल्या उंदरांच्या मेंदूत हेच एटीपी कमी आढळलं होतं, आणि ते बाहेरून दिल्यावर लक्षणं ओसरली होती. म्हणजे ज्या पेशींसाठी तुम्ही गोळी बंद करायला निघालात, त्याच पेशींवर या जातीची औषधं काम करत असण्याची शक्यता आहे.

एकदम बंद केली तर काय होतं तेही सांगतो. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, झोप मोडणं. घरच्यांना वाटतं आजार उलटला, किंवा "गोळीची सवय लागली". कधी ना कधी कमी करायचीच आहे, पण ती पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवून, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. तुमच्या आई अजून पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. त्यामुळे आता डॉक्टरांना विचारायचं ते हे: मात्रा वाढवायची का, औषध बदलायचं का, जोडीला समुपदेशन सुरू करायचं का. वर्षभर अर्ध्या गुणावर थांबणं मला पटत नाही.

तिसऱ्या पेशीबद्दल, म्हणजे मायलिन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटबद्दल, जाणूनबुजून शेवटी लिहितो आहे, कारण तुमच्या हातात करण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. 2012 मध्ये अमेरिकेत प्रौढ उंदरांना आठ आठवडे एकेकटं ठेवलं. ते इतर उंदरांना टाळू लागले, आणि त्यांच्या पुढच्या मेंदूतलं मायलिन पातळ झालेलं आढळलं. मग त्यांना पुन्हा कळपात सोडल्यावर मायलिनही सुधारलं आणि वागणंही. प्रौढ मेंदूत, केवळ संगत काढून घेतल्यानं आणि परत दिल्यानं हा फरक पडला. माणसाच्या बाबतीत असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. पण वडील गेल्यापासून आई कुणाकडे जातात, कोण त्यांच्याकडे येतं, ते एका वहीत लिहून काढा. माझ्याकडे कागलपासून शिरोळपर्यंतच्या बायका येतात, आणि नवरा गेल्यावर हळदीकुंकू बंद, लग्नाच्या मांडवात मागे बसणं, वटपौर्णिमेला दार लावून घेणं, हे त्यांच्या तोंडून वारंवार ऐकतो. औषधानं झोप येते, पण हे तुटलेपण औषधानं जात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, आणि मग राज्य सरकारनं इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मी त्या ठरावाला आरोग्याचंच काम मानतो. तुमच्या घरच्या पुढच्या कार्याला आईला पुढच्या रांगेत बसवा, ओटी त्यांच्या हातून भरून घ्या, कुणी काही म्हटलं तर उत्तर तुम्ही द्या. भजनी मंडळ असो की बचत गट, आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं लावून द्या. "मन लागलं की जाईन" असं त्या म्हणतील. या आजारात आधी जावं लागतं, मन मागाहून लागतं.

राहिली टेस्ट. आधारपेशींतून रक्तात उतरणारी काही प्रथिनं संशोधनात मोजली जातात, पण ती एकट्या रुग्णाबद्दल काही सांगू शकत नाहीत. एमआरआयवर या पेशी दिसत नाहीत. कुणी "ब्रेन इन्फ्लमेशन पॅकेज" म्हणून हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. सीआरपी स्वस्त आहे, पण तो दुखरे गुडघे, हिरड्या, वाढलेलं वजन यांनीही वाढतो, आणि त्यावरून आज कुणी नैराश्याचं औषध ठरवत नाही. ज्या तपासण्या खरोखर कामाच्या आहेत त्या साध्या आहेत आणि कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होतात: थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12, साखर आणि सोडियम. सोडियम विसरू नका. साठीपुढच्या स्त्रियांमध्ये एस्सिटॅलोप्रॅममुळे रक्तातलं सोडियम कधीकधी उतरतं. मग थकवा येतो, मन मंदावतं, कशात रस वाटत नाही, आणि ते सगळं नैराश्याच्या खात्यावर मांडलं जातं. बीपीची गोळी चालू असेल आणि तिच्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर हा धोका आणखी वाढतो. गोळीच्या नावापुढे "एच" असेल किंवा पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन असं छापलेलं असेल तर तेच ते औषध. या आठवड्यात सोडियम तपासून घ्या, आणि रिपोर्टसोबत आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्याच्या गोळ्या धरून, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.